बडोद्याचं घर भाड्याने आणि आपण परगावी: देखरेख कोणाकडे सोपवावी?

मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला किंवा थेट कॅनडात, आणि दोन-चार वर्षांत आई-वडीलही त्यांच्या मागोमाग. बडोद्यातल्या मराठी घरांत हे आता नेहमीचं झालंय. मागे राहतं ते दांडिया बाजारातलं जुनं घर, कारेलीबागेतलं टेनामेंट (इथल्या सोसायट्यांतलं ओळीतलं छोटं घर), नाहीतर वासणा-भायली रस्त्यावरचा फ्लॅट. विकायचं मन होत नाही आणि बंद ठेवलं तर वाळवी लागते. मग ते भाड्याने द्यायचं ठरतं आणि पहिला प्रश्न येतो, "तिथं बघायला कोणाला सांगायचं?"

मी बडोद्यातच राहते. परगावी गेलेल्या नातेवाइकांच्या आणि ओळखीच्यांच्या घरांच्या किल्ल्या वर्षानुवर्षं माझ्या कपाटात असतात. त्यामुळे या प्रश्नाची भाडूताकडची, शेजाऱ्याकडची आणि मालकाकडची अशी सगळी बाजू मी जवळून पाहिली आहे. माझं ठाम मत असं की "कोणाला सांगायचं" याच्या आधी "नेमकं काय सांगायचं" हे ठरवावं. बहुतेक भानगडी माणूस चुकीचा निवडल्यामुळे होत नाहीत. एकाच माणसाच्या गळ्यात सगळं घातल्यामुळे होतात.

किल्ली, पैसा आणि सही वेगळी ठेवा

घर सांभाळणं हे एक काम नाही, त्यात तीन वेगवेगळे अधिकार आहेत. किल्लीचा अधिकार म्हणजे घरात जाणं, पाहणी करणं, प्लंबर बोलावणं. पैशाचा अधिकार म्हणजे भाडं, डिपॉझिट, बिलं, दुरुस्तीचा खर्च. आणि सहीचा अधिकार म्हणजे भाडेकरार, पोलिसांकडची नोंद, नोटीस, सोसायटीची पत्रं.

हे तिन्ही एकाच हातात देऊ नका, मग तो सख्खा भाऊ का असेना. सगळं एकाकडे गेलं की घराची बातमीही फक्त त्याच्याच तोंडून येते आणि ती पडताळायला दुसरी वाट उरत नाही. किल्ली बडोद्यातल्या माणसाकडे, भाडं थेट तुमच्या बँक खात्यात आणि सही शक्यतो तुमचीच, ही मांडणी जवळपास प्रत्येक घराला चालते. सही देणं भागच असेल तर तिला कुंपण कसं घालायचं ते पुढे सांगते.

आता एक वही घ्या आणि वर्षभरातली कामं लिहून काढा. भाडूत येताना त्याचं आधार, नोकरीचं किंवा कॉलेजचं ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता आणि तिथल्या एका माणसाचा फोन घ्यायचा. करार करायचा. पोलिसांकडे नोंद करायची, कारण बडोद्यात पोलिस आयुक्तांच्या जाहीरनाम्यानुसार भाडूताची माहिती देणं मालकावर बंधनकारक असतं आणि ती न दिल्यास गुन्हा मालकावर नोंदला जातो, भाडूतावर नाही. गुजरात पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरूनही ही माहिती भरता येते, म्हणजे हे काम तुम्ही पुण्यात बसूनसुद्धा करू शकता.

विजेचं बिल इथं दोन महिन्यांनी येतं. भाडूत आला किंवा गेला त्या दिवशी मीटरचा आकडा टिपला नसेल तर पुढच्या बिलातला कोणाचा वाटा किती यावर वाद ठरलेलाच, आणि कनेक्शन तर तुमच्या नावावर. पाइप गॅसच्या बिलाचंही तेच. पावसाळ्याआधी गच्चीवरचे पाण्याचे मार्ग मोकळे करून घ्यायचे. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला, गच्चीवर किती माणसं चढणार, टाकीच्या पाइपावर कोणी पाय देणार नाही ना, हेही भाडूताला आधीच सांगावं लागतं. दोन दिवसांच्या पतंगांनंतर फुटलेल्या कौलांची आणि वाकलेल्या पाइपांची तक्रार जुन्या वस्तीतल्या प्रत्येकाने ऐकलेली असते.

यादी झाली की प्रत्येक कामापुढे लिहा: हे मी दुरून करू शकते का, की प्रत्यक्ष हजर माणूसच लागेल? बरीच कामं दुरून होतात असं दिसेल. जी उरतील, तेवढ्यापुरताच माणूस शोधायचा आहे.

कोण कोण उभं राहतं

नातेवाईक हा पहिला आणि स्वाभाविक पर्याय. काका, मामा, वहिनीचा भाऊ, कोणीतरी रावपुऱ्यात किंवा मांजलपुरात असतोच. विश्वास मोठा, पैसे मागणार नाही, घराबद्दल आपलेपणा. पण तीन गोष्टी स्वतःला विचारून पाहा. हा माणूस भाडूताला "नाही" म्हणू शकतो का? तुम्हाला वाईट बातमी वेळेवर देतो का, की "उगाच तिकडे काळजी नको" म्हणून लपवतो? आणि त्याच्याकडे तुम्ही हिशेब मागू शकता का? तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, कारण आपल्याकडे मामाकडे पावती मागणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं धरलं जातं. मग वर्षभर कोणी विचारत नाही, आणि एका लग्नात सगळ्यांसमोर विषय निघतो.

वयाचाही विचार करा. सत्तरीचे काका आनंदाने हो म्हणतील, पण गच्चीच्या टाकीपर्यंत शिडी चढणं त्यांच्यावर टाकू नका. आणि भाडूत त्यांच्याच मित्राचा मुलगा असेल, तर देखरेखीचं काम दुसऱ्याकडे द्या. दोन्ही बाजूंनी भिडस्त माणसाला मध्ये उभं करणं त्याच्यावरच अन्याय आहे.

नातेवाइकाला मोबदला द्यावा, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. तो घेणार नाही म्हणेल, तरी द्या. दिवाळीला एकरकमी द्या, नाहीतर महिन्याचा पेट्रोलचा खर्च म्हणून द्या. फुकटच्या कामाला मुदत नसते आणि तक्रारीला जागा नसते. पहिलाच निरोप असा लिहिला तर पुढचं सोपं जातं:

"भाऊकाका, घराची किल्ली तुमच्याकडे ठेवतोय. महिन्यातून एकदा चक्कर मारून चार फोटो पाठवा. दोन हजारांपर्यंतचं काम मला न विचारता करून घ्या, त्यावरचं असेल तर आधी फोन करा. प्रत्येक खर्चाच्या बिलाचा फोटो पाठवत जा, ते मला इन्कम टॅक्सच्या फाइलला जोडून ठेवायचे आहेत. भाडं माझ्या खात्यात येईल, त्याची कटकट तुम्हाला नाही. आणि दर तीन महिन्यांनी मी तुमच्या खात्यात पेट्रोलचे पैसे टाकणार आहे, त्याला नाही म्हणू नका."

यात कर-फाइलचं कारण मुद्दाम घातलंय. ते खोटं नाही, घराचे कागद एकत्र ठेवावेच लागतात, आणि पावती मागणं सरकारच्या माथी जातं.

शेजारी हा घराचा सर्वांत चांगला डोळा. समोरच्या टेनामेंटमधल्या बेनना रात्री कोण येतं-जातं, पाण्याची मोटर किती वेळ चालते, सगळं कळतं. पण त्यांना पैशात गुंतवू नका आणि भाडूताशी भांडायला पुढे करू नका, त्यांना त्याच्याशी रोज तोंड द्यायचं असतं. दुसरी किल्ली बंद पाकिटात त्यांच्याकडे ठेवा, फक्त आणीबाणीसाठी. सोसायटीच्या चौकीदाराकडे मात्र किल्ली ठेवू नये. तो भला माणूस असतो, पण एजन्सीने बदली केली की किल्ली कुठं गेली ते कोणालाच माहीत नसतं.

दलालाबद्दल नीट समजून घ्या. भाडूत शोधणं ही त्याची खरी हातोटी. फतेगंजला युनिव्हर्सिटीची मुलं, वाघोडिया रोडला तिकडच्या खासगी कॉलेजांची, मकरपुऱ्याच्या बाजूला कारखान्यांत नोकरी करणारी कुटुंबं, कुठं कोण मिळेल हे त्याला पाठ असतं. त्यासाठी तो बहुधा महिन्याच्या भाड्याएवढी दलाली घेतो आणि ती रास्त आहे. पण त्याची कमाई नवा भाडूत आला की होते. तुमचं हित मात्र चांगला भाडूत चार वर्षं टिकण्यात आहे. म्हणून भाडूत आणण्याचं काम दलालाला द्या, सांभाळण्याचं देऊ नका. कराराच्या नूतनीकरणाला काही द्यायचं की नाही, तेही सुरुवातीलाच ठरवून घ्या. आणि भाडूताशी तुम्ही स्वतः व्हिडिओ कॉलवर एकदा बोलल्याशिवाय टोकन घेऊ देऊ नका.

घर सांभाळून देणाऱ्या व्यावसायिक कंपन्या आणि एकटे व्यवस्थापकही आता मिळतात. ज्यांचं बडोद्यात कोणीच उरलं नाही किंवा जे परदेशात आहेत, त्यांना हा पर्याय सोयीचा. ते दरमहा भाड्याचा ठरावीक टक्का घेतात आणि जीएसटी नोंदणी असेल तर त्यावर १८ टक्के कर वेगळा. बोलणी करताना टक्क्यावर अडू नका, पुढच्या गोष्टी विचारा. घर रिकामं असेल त्या महिन्यांची फी आहे का? दुरुस्तीच्या बिलावर ते स्वतःचा वाटा चढवतात का, आणि मूळ कारागिराचं बिल दाखवतील का? पाहणी किती महिन्यांनी, आणि अहवालात तारखेसह फोटो असतात का? भाडं आधी त्यांच्या खात्यात जातं की थेट तुमच्या? तुम्ही करार मोडला तर किती दिवसांची सूचना, आणि त्यांनीच आणलेला भाडूत पुढे ठेवला तर दंड लागतो का? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि नेमका तोच महागात पडतो. शिवाय त्यांच्या दोन जुन्या घरमालकांशी फोनवर बोला. मालक परगावीच राहणारे असावेत, बडोद्यातले नकोत.

एक पर्याय कमी लोकांना सुचतो. एखाद्या कारखान्याने किंवा कंपनीने आपल्या अधिकाऱ्यासाठी घर घेतलं की भाड्याची आणि नुकसानीची जबाबदारी कंपनीवर असते. देखरेखीचं ओझं बरंच हलकं होतं. घर चांगल्या वस्तीत असेल तर दलालाला हे आधी विचारा.

मला विचाराल तर: फ्लॅट असेल, सोसायटी नीट चालत असेल आणि भाडूत कुटुंबवाला असेल, तर तुम्ही स्वतःच दुरून सांभाळा, फक्त किल्लीला एक माणूस ठेवा. स्वतंत्र घर किंवा टेनामेंट असेल तर मोबदला घेणारा नातेवाईक किंवा व्यवस्थापक हवाच. घरात विद्यार्थी ठेवणार असाल तर नातेवाइकाला त्यात घालूच नका. दरवर्षी माणसं बदलतात आणि तक्रारी रात्रीच्या असतात.

नेमण्याआधी एक छोटं काम देऊन पाहा

बोलण्यावरून माणूस कळत नाही. घर अजून रिकामं असताना त्याला एक काम सांगा. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय, बदलून घ्या आणि कळवा, एवढंच. मग बघा. दोन दुकानांत भाव विचारला का? जुन्या नळाचा फोटो, नव्याचा फोटो आणि बिल आलं का, की "झालं काम" एवढाच निरोप? सांगितलेल्या दिवशी गेला, की चारदा आठवण द्यावी लागली? त्याला जाताना ओट्याखालची ओल दिसली आणि त्याने न विचारता ती सांगितली, तर तो माणूस सोडू नका.

कागद

तोंडी विश्वास कितीही असला तरी अधिकार कागदावर हवा. घरच्याच माणसाला विनाभाडं राहायला दिलं असेल तरी तो परवानगीने राहतो आहे, असं एक साधं पत्र दोघांच्या सह्यांनी करून ठेवा. राखणदार, नोकर किंवा देखरेखीसाठी ठेवलेला माणूस कितीही वर्षं राहिला तरी त्याला मालकी हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या एका निकालात स्पष्ट सांगितलं आहे. पण ते सिद्ध करायला कोर्टात वर्षं जातात, आणि तेव्हा हाच कागद कामाला येतो.

भाडेकरार तुम्ही स्वतः एकदा बडोद्याला येऊन करत असाल तर उत्तम. गुजरातेत १ ऑक्टोबर २०१९ पासून छापील स्टँप पेपरांची विक्री बंद झाली, त्यामुळे करार ई-स्टँपवर होतो. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदणी करावी लागते, म्हणूनच ११ महिन्यांचा करार सगळीकडे दिसतो.

येणं जमणारच नसेल तर मुखत्यारपत्र (तुमच्या वतीने सही करण्याचा अधिकार देणारा कागद, पॉवर ऑफ अॅटर्नी) द्यावं लागेल. ते विशेष मुखत्यारपत्र असावं, सर्वसाधारण नको. त्यात कोणत्या घरासाठी, कोणती कामं आणि कोणत्या तारखेपर्यंत हे लिहा: भाडेकरारावर सही, पोलिस नोंद, वीज आणि गॅस कंपनीत आणि महापालिकेत अर्ज, भाडूताला नोटीस. आणि विक्री, गहाण, कर्ज, बक्षीसपत्र, डिपॉझिट स्वीकारणं यांचा अधिकार दिलेला नाही, हे वाक्य वेगळं घाला. घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या लागतील. मालक वारला की मुखत्यारपत्र तिथेच संपतं. म्हणून घर आईच्या नावावर असेल आणि ती थकलेली असेल, तर या कागदावर सगळी भिस्त ठेवू नका, वारसाहक्काची व्यवस्थाही सोबतच करा. परदेशातून देत असाल तर भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीकडून अपोस्टिलसह (कागद खरा असल्याच्या तिथल्या सरकारी प्रमाणपत्रासह) करा, आणि कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टँप भरून घ्या. मसुदा मात्र बडोद्यातल्या वकिलाकडून पाहून घ्या, टायपिंगच्या दुकानातला तयार नमुना वापरू नका.

पैशाचं

भाडं आणि डिपॉझिट थेट तुमच्या खात्यात. सांभाळणाऱ्याकडे दुरुस्तीसाठी एक छोटी रक्कम आधीच देऊन ठेवा म्हणजे त्याला स्वतःच्या खिशातून घालावे लागत नाहीत, आणि ती संपत आली की तो बिलं पाठवून पुन्हा मागेल.

घराचा वेरा, म्हणजे महापालिकेचा मिळकत कर, स्वतः ऑनलाइन भरा. भाड्याच्या उत्पन्नावर कर मोजताना महापालिकेचा कर वजा होतो तो मालकाने त्याच वर्षी प्रत्यक्ष भरला असेल तरच. उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग तुमचा खर्च कमी होवो वा जास्त. म्हणजे व्यवस्थापकाची फी, रंगकाम, प्लंबर हे वेगळं वजा करता येत नाही, सगळं त्या ३० टक्क्यांत बसवायचं. कंपनीला किती टक्का द्यायचा, हे ठरवताना हे ध्यानात घ्या. वेऱ्याच्या बिलात घराच्या वापराचा प्रकार काय लिहिला आहे, तेही एकदा तपासा.

मालक अनिवासी भारतीय असेल तर भाडं कितीही असो, भाडूताने कर कापून भरायचा असतो, साधारणपणे ३१.२ टक्के, आणि त्यासाठी त्याला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, घ्यावा लागतो. बाकीची रक्कम मालकाच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या बँक खात्यात) येते. हे भाडूताला करार करण्याआधीच सांगावं, कारण बरेच भाडूत हे ऐकून मागे फिरतात. सांभाळणाऱ्यालाही हे माहीत असायला हवं, नाहीतर तो भोळेपणाने भाडं स्वतःच्या खात्यात घेतो आणि दोघांच्याही मागे कटकट लागते.

विश्वामित्रीचं पाणी

बडोद्यात घर सांभाळणाऱ्याची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. समा, फतेगंज, अकोटा, कारेलीबाग, मुजमहुडा, वडसर अशा भागांत घरांत पाणी शिरलं. जुलै २०१९ च्या अखेरीसही शहराने असंच पाणी पाहिलं होतं. तुमचं घर या पट्ट्यात असेल तर सांभाळणारा माणूस नदीच्या त्याच बाजूला राहणारा निवडा. पूल बंद झाले की अलकापुरीतला माणूस कारेलीबागेत पोचू शकत नाही.

त्याला आणि भाडूताला जूनमध्येच चार गोष्टी सांगून ठेवा. पाणी चढू लागलं की मेन स्विच बंद करायचा. जमिनीतल्या टाकीचं झाकण घट्ट लावायचं आणि मोटर शक्य असेल तर आधीच उंचावर बसवून घ्यायची. पाणी ओसरल्यावर साफसफाईच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो घ्यायचे, भिंतीवर पाण्याची खूण कुठवर आहे ते दिसेल असे, कारण विमा कंपनी तेच मागते. आणि टाकी पूर्ण उपसून, धुऊन, क्लोरिन घालून पुन्हा उपसल्याशिवाय ते पाणी कोणी वापरायचं नाही. घराच्या रचनेचा विमा तुमचा, सामानाचा भाडूताचा, हे करारात लिहा. २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळणाऱ्या भारत गृह रक्षा पॉलिसीत पुराचं नुकसान येतं.

पहिलं वर्ष आणि माणूस बदलताना

पहिले तीन महिने दर महिन्याला पाहणी ठेवा, नंतर तीन महिन्यांनी एकदा पुरे. भाडूतालाही घरपण हवं असतं, म्हणून पाहणीआधी एक दिवस कळवायचं हे सांभाळणाऱ्याला बजावून ठेवा. पाहणीत फोटो कशाचे, हे तुम्हीच ठरवा: कपाटामागची भिंत, बाथरूमच्या छताचा कोपरा, ओट्याखालचा पाइप, मीटरचा आकडा, गच्चीचा उतार. नुसत्या दिवाणखान्याच्या फोटोवरून काहीच कळत नाही. आणि वर्षातून एक-दोनदा भाडूताला तुम्ही स्वतः फोन करा, सहज. पाण्याचा त्रास आहे का, काही राहिलंय का. यातून सांभाळणाऱ्याचं कामही कळतं.

माणूस बदलायची वेळ आली तर भांडण होईपर्यंत थांबू नका. दुरुस्तीच्या रकमेचा हिशेब मिटवा, मोबदला चुकता करा आणि किल्ल्या मोजून परत घ्या. मुखत्यारपत्र दिलं असेल तर ते रद्द केल्याची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि तिची प्रत भाडूताला, सोसायटीला आणि जिथं जिथं त्या पत्राची प्रत दिली होती तिथं द्या. कुलूप बदला, त्याचा खर्च फार नसतो. मूळ करार आणि घराचे मूळ कागद तुमच्याकडेच असायला हवेत. नव्या माणसाला झेरॉक्सचा एक संच, प्लंबर आणि वीजमिस्त्रीचे फोन आणि भाडूत आला त्या दिवशीचे फोटो, एवढं द्या. शक्य असेल तर जुन्या आणि नव्या माणसाला एकत्र घरात पाठवून मीटरचा आकडा दोघांसमोर लिहून घ्या.